स्वस्त काय आणि परवडणारं काय: गिटारचं वाह पेडल निवडताना

(उजनी धरणाकाठच्या श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय आहे इलेक्ट्रिक गिटारचं वाह पेडल, आणि तेही कमी पैशात कसं निवडायचं. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसानं यावर काय बोलावं, असं पुढच्या रांगेतल्या काहींना वाटत असेल. पण या विषयात एक शब्द दडलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘परवडणं’. ऊस परवडतो का, केळी परवडते का, म्हैस परवडते का, हे आपण रोज बोलतो. असं बोलताना आपण नुसती किंमत विचारत नसतो. म्हैस स्वस्तात मिळाली आणि दूधच देईना, तर ती परवडली असं कोणी म्हणत नाही. जरा महाग पडली, पण आपल्याच गोठ्यात, आपल्याच चाऱ्यावर चांगलं दूध देऊ लागली, तर आपण म्हणतो, परवडली बरं का!

म्हणजे स्वस्त-महाग हे वस्तूवर लिहिलेलं असतं. परवडणं मात्र वस्तूवर लिहिलेलं नसतं. वस्तू आणि आपलं जगणं या दोघांमधलं ते नातं असतं. आज आपण हा एकच फरक धरून बोलणार आहोत.

आपल्या भागात ऑर्केस्ट्रात, बँडमध्ये, बेंजो पार्टीत वाजवणारी पोरं आहेत. लग्नसराई, जत्रा, गणपती, एवढ्या दिवसांत हाताला काम असतं. त्या कमाईतून एक वस्तू घ्यायची म्हणजे दुसरी सोडावी लागते. घरातली मोठी माणसं विचारतात, ही चैन कशाला? या प्रश्नाला चिडून उत्तर देण्यात अर्थ नाही. वस्तू काय काम करते आणि आपल्याकडे ती किती दिवस काम करील, हे सांगता आलं पाहिजे. तेव्हा आधी काम समजून घेऊ.

हा आवाज आहे तरी कसला?

आता सगळ्यांनी एक करा. एकाच सुरात ‘ऊ’ म्हणा, आणि सूर न बदलता हळूहळू ‘आ’ करा. ऊ... आ. ऐकू आलं? तोंडातून ‘वा’ निघालं. सूर तोच राहिला, गळ्यानं काही वेगळं केलं नाही. बदलला तो तोंडाचा आकार. प्रत्येक सुरात मूळ स्वराबरोबर वरचे अनेक बारीक स्वर मिसळलेले असतात. तोंडाची पोकळी त्यातल्या काहींना उठाव देते, बाकीच्यांना मागे ठेवते. पोकळी बदलली की उठाव कोणाला मिळायचा ते बदलतं.

वाह पेडल हेच काम विजेच्या मार्गानं करतं. त्यात एक फिल्टर असतो. तो गिटारच्या आवाजातल्या एका अरुंद पट्ट्याला वर उचलतो. टाच दाबली की हा पट्टा खाली, साधारण चारशे-साडेचारशे हर्ट्झपाशी जातो, आणि पंजा दाबला की दोन हजार हर्ट्झच्या आसपास चढतो. टाचेकडून पंजाकडे जाताना गिटार ‘वा’ म्हणते. नाव तिथूनच आलं.

आपल्या भजनात डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा काढतात, ते आठवा. तिथे सूरच वरखाली होतो, इथे सुराचा रंग बदलतो, एवढा फरक. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. मनगट तयार नसेल तर डग्गा कितीही चांगला असो, घुमारा निघत नाही.

न्यायशास्त्रात साधनाला ‘करण’ म्हणतात, आणि करण कशाला म्हणायचं याची तिथे बारकाईनं चर्चा आहे. कुऱ्हाड लाकूड तोडण्याचं साधन. पण कुऱ्हाड नुसती शेजारी ठेवली तर लाकूड तुटत नाही. तिचा घाव लाकडावर बसावा लागतो. साधन आणि काम यांच्यामध्ये घडणाऱ्या या क्रियेला नैयायिक ‘व्यापार’ म्हणतात. वाह पेडल हे करण, आणि पायाची हालचाल हा व्यापार. दुकानात करण मिळतं. व्यापार मिळत नाही, तो कमवावा लागतो. निवडताना पहिला प्रश्न हाच आला पाहिजे: ही वस्तू आपल्या पायाला त्याचा व्यापार करू देते का?

काटकसरीतून जन्मलेली वस्तू

या पेडलच्या जन्माची गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे. १९६६ सालची ही गोष्ट आहे, अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. थॉमस ऑर्गन नावाची कंपनी व्हॉक्स या ब्रँडच्या अँप्लिफायरची तिथे विक्री करत होती आणि त्याचं सर्किट कमी खर्चात नव्यानं बनवत होती. त्या अँप्लिफायरमध्ये मधल्या स्वरांना उठाव देणारा एक महागडा स्विच होता. ब्रॅड प्लंकेट नावाच्या तरुण इंजिनिअरनं त्या जागी साधा फिरवायचा पॉट बसवला. पॉट म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असतो, तोच भाग. तो फिरवताना वाद्य बोलायला लागल्यासारखा आवाज आला. मग ते सर्किट ऑर्गनच्या पायपेडलमध्ये घातलं गेलं आणि १९६७ साली ते बाजारात आलं.

त्यावर सुरुवातीला नाव होतं क्लाइड मॅकॉय यांचं. हे ट्रंपेटवादक. ट्रंपेटच्या तोंडावर झाकण हलवून असाच आवाज काढण्यासाठी ते १९३१ सालच्या ‘शुगर ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेपासून प्रसिद्ध होते. पुढे जिमी हेंड्रिक्स यांनी १९६८ साली ‘व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)’ मध्ये आणि चार्ल्स पिट्स यांनी १९७१ साली आयझॅक हेज यांच्या ‘शाफ्ट’च्या संगीतात हे पेडल वाजवलं, आणि गिटारच्या बोलण्यातच ते मिसळून गेलं.

तात्पर्य काय, तर महाग स्विच परवडेना म्हणून साधा पॉट घातला आणि त्यातून ही वस्तू निघाली. तेव्हा कमी पैशातलं वाह पेडल शोधताना कोणी कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

डब्याच्या आत काय असतं

पेडल उलटं करून खालची पत्र्याची झाकणी उघडली तर जुन्या पद्धतीच्या पेडलमध्ये फार काही दिसत नाही. एक पॉट. पायाची फळी हलली की दातेरी पट्टी त्या पॉटचं चाक फिरवते. एक छोटी कॉइल, तिला इंडक्टर म्हणतात. दोन ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टन्स, काही कपॅसिटर. पंजाखाली चालू-बंद करायचा स्विच. दोन जॅक, आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीची जागा.

यात बिघडतं काय? बहुतेक वेळा हलणाऱ्या गोष्टीच बिघडतात: पॉट, स्विच आणि जॅक. पॉटमध्ये धूळ गेली की पाय हलवताना खरखर येते. आपल्याकडे धुळीला काय तोटा! पण हे तिन्ही भाग टेंभुर्णीत, करमाळ्यात, जेऊरला मोटार आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसालाही काढता-घालता येतात. खरखर आली तर आधी इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणारा काँटॅक्ट क्लीनर फवारून बघावा. खोबरेल, मशीनचं तेल असलं काही घालू नये, त्यानं धूळ आणखी चिकटते. तरी खरखर राहिली तर पॉट बदलावा. मात्र जुन्यासारखाच घ्यावा, कारण चाक किती फिरलं की आवाज किती बदलतो हे त्या पॉटवर ठरतं.

दुसरा एक प्रकार प्रकाशावर चालणारा. त्यात पॉटऐवजी छोटा दिवा आणि प्रकाश ओळखणारा भाग असतो, फळी हलली की मधला पडदा सरकतो. बेहरिंगरचं ‘हेलबेब’ हे या जातीचं, आणि स्वस्तातलं. यात घासणारं काही नसल्यानं ती खरखर येत नाही. पण बिघडलं तर गावातल्या कारागिराला त्यात फारसं काही करता येत नाही.

पर्याय एकेक करून

पहिला पर्याय फुकटचा. इलेक्ट्रिक गिटारवर टोनचा नॉब असतोच. तार छेडायची आणि करंगळीनं तो नॉब उघडायचा. टोन बंद असताना आवाज दबलेला, उघडला की मोकळा. अगदी वाह नव्हे, पण ‘वा’ची छाया येते. एक महिना हे करून बघा. ठेक्यावर कुठे उघडायचं, कुठे मिटायचं, हे कानाला कळू लागलं तर पेडल घेण्यात अर्थ आहे. आठ दिवसांत कंटाळा आला तर पैसे वाचले.

दुसरा, जुन्या सर्किटचं साधं पेडल. डनलॉपचं ‘क्राय बेबी जीसीबी ९५’ आणि व्हॉक्सचं ‘व्ही ८४७’ ही यातली ओळखीची नावं. डबा धातूचा, जड. त्यावर उभं राहिलं तरी चालतं. नवं घेतलं तर अगदी स्वस्त नाही, पण जुन्या बाजारात पुष्कळ मिळतं.

तिसरा, छोटं वाह, म्हणजे मिनी. पिशवीत मावतं, वजनाला हलकं. पण फळी आखूड असते, त्यामुळे पायाला फिरायला जागा कमी. मोठ्या पायाच्या माणसाला त्यावर मधली जागा सापडणं अवघड जातं.

चौथा, ऑटो वाह. याला पायाची फळी नसते. तार जोरात छेडली की फिल्टर जास्त उघडतो, हळू छेडली की कमी. बेंजोवाल्यांनी इथे लक्ष द्या. आपल्याकडचा बेंजो पिकअप लावून वाजतो, म्हणजे त्याच्यापुढे पेडल जोडता येतं. पण मिरवणुकीत, हलत्या ट्रॉलीवर उभं राहून एक पाय फळीवर तोलायचा म्हणजे कसरत. तिथे पायाचा व्यापारच होऊ शकत नाही. मग व्यापार हाताकडे सोपवणारं ऑटो वाह तिथे परवडतं. स्टेजवर स्थिर उभं राहून वाजवणाऱ्या गिटारवाल्याला मात्र ते पुरत नाही, कारण हळू छेडलेल्या तारेवर मोठा ‘वा’ त्याला काढता येत नाही.

पाचवा, मल्टी-इफेक्ट्स. एकाच डब्यात वाह, डिस्टॉर्शन, एको, ट्यूनर, तालाचे ठेके, आणि बाजूला एक पायपेडल. झूमचं ‘जी १ एक्स फोर’ हे यातलं एक. त्यात सत्तरच्या आसपास इफेक्ट आहेत आणि ते चार पेन्सिल सेलवरही चालतं.

मृतसाठ्याचा हिशोब

सत्तर इफेक्ट ऐकून जीव भुलतो. इथे आपल्या धरणाकडे बघू. उजनीचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, आणि उपयुक्त साठा जेमतेम ५३-५४. निम्म्याहून जास्त पाणी हिशोबात मृत. म्हणून तर आपण उन्हाळ्यात ‘धरण वजा गेलं’ अशी बातमी वाचतो, आणि बाहेरगावच्या माणसाला धरणात पाणी वजा कसं असतं ते कळत नाही.

वस्तूचंही तसंच आहे. डब्यावर छापलेला आकडा म्हणजे एकूण साठा. त्यातलं आपण किती वापरणार, तो उपयुक्त साठा. सत्तरमधले चार वापरले तर सहासष्ट मृतसाठ्यात गेले. पैसे मात्र सत्तरांचे मोजले.

इथपर्यंत हिशोब सोपा वाटतो. साधं पेडल घ्या, मल्टी-इफेक्ट्स सोडा. पण थांबा. मृतसाठा मृत कोणासाठी? ज्या पातळीखालचं पाणी उपयुक्त धरायचं नाही, ती पातळी धरण बांधताना ठरवलेली आहे. काठावरच्या शेतकऱ्याला विचारा. पाणी मागे गेलं की तो मोटार पुढे सरकवतो, पाइप आणि केबल वाढवतो, आणि त्याच पाण्यावर ऊस आणि केळी जगवतो. कागदावर मृत असलेलं पाणी त्याच्या शेतात जिवंत असतं. मृत की जिवंत, हे पाण्यावर ठरत नाही. आपला पाइप कुठपर्यंत पोचतो, त्यावर ठरतं.

आता हाच विचार पेडलला लावा. ज्या मुलाकडे स्वतःचा अँप्लिफायर आहे, त्याला साधं वाह पुरतं. ज्याच्याकडे अँप्लिफायर नाही, ऑर्केस्ट्रावाल्याच्या मिक्सरमध्येच गिटारची वायर खुपसायची आहे, त्याचा आवाज तिथे बारीक आणि टोचरा येतो. मल्टी-इफेक्ट्समध्ये अँप्लिफायरच्या आवाजाची नक्कल असते, तिनं मिक्सरमधला आवाज भरीव होतो. शिवाय घरी सरावाला ठेका आणि ट्यूनर मिळतो. दुसऱ्यासाठी मृत असलेला साठा याच्यासाठी जिवंत आहे. वाह थोडं कमी जिवंत वाटेल, पण या मुलाला तीच वस्तू परवडते. उलट अँप्लिफायर असलेल्या, दोन डिस्टॉर्शन पेडल आधीच घेतलेल्या मुलानं तीच वस्तू घेतली, तर त्यानं कोरड्या जागी पाइप टाकला.

म्हणून ‘सगळ्यात चांगलं स्वस्त पेडल कुठलं?’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. आपला पाइप कुठपर्यंत पोचतो, हे आधी बघा.

घेताना काय तपासायचं

आता हाताशी ठेवायच्या गोष्टी सांगतो आहोत, लिहून घ्या.

एक, पायाला काय वाटतं. आपण मांडवात गणपतीसमोर चपला काढून वाजवतो. काही पेडलचा पंजाखालचा स्विच इतका ताठ असतो की अनवाणी पायानं दाबताना बोटं दुखतात. तेव्हा दुकानात बूट काढून दाबून बघा. लाजू नका.

दोन, फळी सोडली तिथे राहते का? वाह अर्ध्यावर थांबवून तसंच वाजवण्याची एक चांगली पद्धत आहे, आवाजाला नाकातली धार येते. फळी ढिली असेल तर ती आपोआप पडते. बऱ्याच पेडलमध्ये ती घट्ट करायची सोय असते, ती आहे का ते विचारा.

तीन, पेडल बंद असताना गिटार कशी वाजते? काही सर्किटमध्ये पेडल बंद असलं तरी गिटारचा सिग्नल त्याच्यातून ओढला जातो आणि वरचे स्वर मंद होतात. एकदा गिटार सरळ जोडून ऐका, एकदा बंद पेडलमधून ऐका. फरक जाणवला तर भाव करताना तो लक्षात घ्या.

चार, पंजा पूर्ण दाबल्यावर आवाज कानात घुसतो का? खोलीत गोड वाटणारा आवाज मोठ्या स्पीकरच्या भोंग्यावर टोचतो. तिथे फळी शेवटपर्यंत न दाबण्याची सवय पायाला लावावी लागते.

पाच, वीज. बहुतेक पेडल नऊ व्होल्टवर चालतात आणि अडॅप्टरच्या पिनची आतली बाजू ऋण असते. कीबोर्डचा अडॅप्टर बसतो म्हणून लावू नका. अडॅप्टरवरची खूण आणि पेडलवरची खूण जुळवा. साधं वाह वीज फार कमी खातं, म्हणून लाइट गेली तरी एक बॅटरी पुष्कळ दिवस पुरते. पण वाजवून झाल्यावर गिटारची वायर पेडलमधून काढून ठेवा. वायर आत राहिली की बॅटरी आत जळत राहते.

सहा, जुनं घेताना विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागवा: टाचेपासून पंजापर्यंत अगदी हळू, आणि दहा वेळा चालू-बंद. खरखर आणि अडकणारा स्विच त्यात लगेच कळतो. खालची झाकणी उघडून दाखवायला सांगा. बॅटरी गळून हिरवट गंज चढला असेल तर सोडून द्या.

सात, परत करायची मुदत. टेंभुर्णीहून पुणे दीडशे किलोमीटरच्या पुढे, सोलापूर ऐंशी-नव्वद. वस्तू ऑनलाइन घेतली आणि बिघडली, तर जाण्यायेण्याचं भाडं, बुडलेला दिवस, आणि सुपारी आली असताना वस्तू हाताशी नसणं, हे सगळं किमतीत धरायचं. असं धरलं की कधी कधी दोन हजारांनी महाग वस्तू स्वस्त निघते.

आणि जोडणीचा क्रम. आधी गिटार, मग वाह, मग डिस्टॉर्शन, मग अँप्लिफायर, या क्रमानं सुरुवात करा. डिस्टॉर्शननंतर वाह लावलं तर झाडू फिरवल्यासारखा मोठा, उग्र आवाज येतो. तोही कोणाला हवा असतो, पण आधी पहिला ऐकावा.

राहिला घरातल्या मोठ्यांचा प्रश्न, ही चैन कशाला? आम्हाला वाटतं, त्याचं उत्तर पायात आहे. पेडल आणल्यावर तीन महिन्यांनी ते कॉटखाली गेलं असेल, तर ती चैन होती, मग ते कितीही स्वस्तात आणलेलं असो. रोज संध्याकाळी पाय त्यावर चालत असेल, लग्नाच्या सुपारीत एक गाणं त्याच्यामुळे उठत असेल, तर ते अवजार झालं. खुरप्याला कोणी चैन म्हणत नाही, कारण ते रोज हातात असतं.

तेव्हा आज घरी जाऊन आधी टोनचा नॉब उघडा-मिटा. महिनाभरानं दुकानात जा.